परतीचा देव

गुरुवारी सकाळी साडेनऊला बजरंगरावांचा फोन आला आणि माझा चहा तसाच निवला.

"सर, रविवारी धा वाजता यायचं. प्राणप्रतिष्ठा हाय, तुमच्याच हस्ते. न्हाई म्हणायचं न्हाई."

"कोणाची?" मी विचारलं. खरं तर कळलं होतं.

"अहो, आपल्या परतीच्या देवाची. घुमटी बांधून तयार हाय. खाली टाइल्स, मागं ग्रॅनाइट. दगड सिमेंटमधी पक्का बसवायचा, वरनं ऑइलपेंट आन् चांदीचा मुखवटा. शंभर वर्षं हलायचा न्हाई."

तो दगड सात-आठशे वर्षं हललेला नाही, हे त्यांना तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

माझी बायको सुहासिनी समोर मेथी निवडत बसली होती. फोनवरच्या दोन्ही बाजू तिला ऐकू येतात. "बघतो म्हणजे काय? अहो, सांगणार आहात का त्यांना, की तो देव तुम्ही तयार केलाय?"

एवढं बोलून ती मेथीचं ताट घेऊन आत गेली. उत्तराची तिला गरज नव्हती.

मी श्रीधर लिमये, कसबा पेठ. बत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. निवृत्त झाल्यावर ती खोड जाईना, म्हणून दर रविवारी लोकांना फुकट पुणं दाखवायला लागलो. हल्ली त्याला हेरिटेज वॉक म्हणतात. माझा नियम एकच: ज्याला पुरावा नाही ते बोलायचं नाही. पाताळेश्वराचं लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलं असं सांगणाऱ्या एका रिक्षावाल्याशी मी इतका वाद घातला, की त्याने मला जंगली महाराज रस्त्यावर मध्येच उतरवलं. दंतकथा सांगणाऱ्या गाइडांबद्दल वर्तमानपत्रात चार पत्रं लिहिली. तीन छापून आली.

आणि अशा माणसाने दोन वर्षांपूर्वी एक थाप मारली.

महिन्यातून एकदा मी लोकांना पेठांबाहेर नेतो. कात्रजच्या अलीकडे बजरंगरावांचं गाव आहे. पाटी महापालिकेची लागली असली तरी तळं, पिंपळ आणि गोठे अजून आहेत. पिंपळाखाली एक वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. तळाशी गायी आणि हातघाई, मधे त्या वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. त्यातल्या एका गायीने मान वळवून मागे पाहिलंय. ज्या कोणा पाथरवटाला ते सुचलं असेल, त्याच्यापुढे मी दर वेळी मनातल्या मनात हात जोडतो. पुण्यात बघण्यासारखं काय आहे असं मला कोणी विचारलं, तर शनिवारवाड्याच्या आधी मी त्या गायीचं नाव घेईन.

त्या रविवारी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. आमचा मुलगा सलिल हिमाचलात ट्रेकला गेला होता. दरड कोसळून रस्ते बंद झाल्याची बातमी होती आणि तीन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. "घरात बसून त्या फोनकडे टक लावण्यापेक्षा जाऊन या," असं सुहासिनीनेच बजावलं, म्हणून मी गेलो होतो. गायी दाखवल्या, अप्सरा दाखवल्या. लोक जांभया देत होते. सलोनी नावाची आयटीतली एक मुलगी मोबाइलवर शूटिंग करत होती. ती म्हणाली, "काका, हे सगळं ओके आहे, पण याची काही स्टोरी नाहीये का?"

आणि मी बोलायला लागलो. गुरं पळवली तेव्हा हा एकटाच मागे धावला, म्हणालो. त्याची आई वेशीवर भरला तांब्या घेऊन उभी राहिली, आला की पायावर पाणी घालायला. दिवस मावळला, दुसरा उजाडला, ती हलली नाही. तो आला नाही. म्हणून ज्याचं माणूस बाहेर आहे आणि ज्याची खबर नाही, त्याने या दगडावर तांब्याभर पाणी घालावं. माणूस परत येतं. "असं गावातले जुने लोक सांगतात," हेही मीच वर जोडलं. खोटं ते खोटं आणि त्याला खोटा आधार. मुद्रितात असं काही सापडलं असतं, तर मी लेखकाला फाडून खाल्लं असतं.

जांभया थांबल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. मागे गवताचा भारा डोक्यावर घेऊन गावातली एक बाई उभी होती, तीसुद्धा ऐकत होती.

चौथ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, कुठल्याशा दुकानातून सलिलचा फोन आला. मी सुटलो आणि ती गोष्ट विसरलो. सलोनी विसरली नाही. तिची रील, माझ्या थरथरत्या आवाजासकट, किती लाख लोकांनी पाहिली कोण जाणे. आधी लोक तांब्ये घेऊन आले, मग नारळ आले. मग कोणीतरी शेंदूर फासला, आणि मी लोकांना तिकडे नेणं सोडलं.

गुरुवारचा दिवस मी घरात येरझाऱ्या घालण्यात काढला. शुक्रवारी जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी कचेरीत फोन केला. तिकडच्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सोमवारी करा म्हणाला. सोमवारी सिमेंट वाळलेलं असेल, हे त्याला सांगून काय होणार होतं? जेवण जाईना. घराबाहेर पडलो, की गॅस चालू राहिला असं वाटून परत जिने चढायचो. सुहासिनीने दुसऱ्यांदा मला दारात पाहिलं आणि म्हणाली, "गॅस मी बंद केलाय. तुमचं जे चालू राहिलंय, ते मला बंद करता येणार नाही."

शनिवारी दुपारी कात्रजची बस धरली. बजरंगरावांना भेटायचं, एकदाच खरं सांगायचं आणि सुटायचं असं ठरवलं होतं.

ते घरी नव्हते. मी पिंपळाखाली गेलो आणि दगड बघून मला खालीच बसावंसं वाटलं. शेंदराची पुटं चढून चढून तो कडेने गोल झाला होता. गायी गेल्या होत्या. मान वळवणारी ती जिथे होती तिथे मी नखाने थोडं खरवडून पाहिलं. नुसता शेंदूर निघत राहिला. वर फक्त सूर्य-चंद्र तेवढे ओळखू येत होते. शेजारी नवी घुमटी, तिच्या फरशीवर सिमेंटची तीन पोती.

मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, आज आलात व्हय?"

सरुबाई होत्या, बजरंगरावांच्या आई. सत्तरी ओलांडलेली, वाळलेली बाई. मी मास्तर नाही हे त्यांना एकदा सांगून झालं होतं, उपयोग झाला नव्हता. त्यांच्या हातात तांब्या होता. त्यांनी सावकाश दगडावर पाणी घातलं आणि पदराने तांब्याची कड पुसली.

"धाकला गेला, संपत," त्या आपणहून सांगू लागल्या. "तळ्याकडची जमीन इकायवरनं दोघा भावांचं वाजलं. गाडी काढली आन् गेला. आठ म्हैने झाले, फोन बंद हाय. पोलिसात लिवून दिलंय. पयले दोन म्हैने म्या अंथरूण धरलं व्हतं. आता सकाळी एक तांब्या घालती, सांजच्याला एक. त्यामुळं उठती तरी."

मी तोंड उघडलं. मनात तयार केलेलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं.

"चा घेता?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यालो आणि बसने परत आलो. इतका भेकड चहा मी आयुष्यात प्यालो नाही.

रविवारी मांडव, लाउडस्पीकर, दोनएकशे माणसं. सलोनी काठीला मोबाइल लावून पुढेच उभी होती. "काका, लाइव्ह जातंय," ती म्हणाली. एका बाजूला गवंड्याने घमेल्यात माल कालवून ठेवला होता. चांदीचा मुखवटा लाल कापडावर ठेवला होता, मिशीवाला, ठसठशीत. बायकांमध्ये पहिल्याच रांगेत सरुबाई बसल्या होत्या. बजरंगरावांनी मला फेटा बांधला आणि माइक हातात दिला.

"मला एक सांगायचंय," मी म्हणालो. "ही गोष्ट खोटी आहे. ती गावात कोणी सांगत नव्हतं. मी ती रचली, इथेच उभं राहून. हा वीरगळ आहे. फार जुना आणि फार सुंदर आहे, पण तो कोणाला परत आणत नाही. मी तुम्हा सगळ्यांची माफी मागतो."

सरुबाईंकडे बघायची माझी छाती झाली नाही. आता दगड येतील किंवा शिव्या येतील, काहीही येवो, माझी तयारी होती.

बजरंगरावांनी माझ्या हातातून अलगद माइक घेतला. "बघा मंडळी," ते अगदी मनापासून म्हणाले, "मोठा माणूस कसा असतो ते बघा. सगळं श्रेय सोडून दिलं सरांनी. अहो सर, तुम्ही रचली न्हाई. त्यानंच तुमच्या तोंडून वदवून घेतली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी माझ्या पाया पडलं. सलोनी अंगठा वर करून दाखवत होती. पहारी घेतलेले चार जण दगडाकडे निघाले आणि गवंड्याने घमेलं उचललं.

माझ्या डोळ्यांपुढे ती गाय आली. पुढचं मी विचार करून बोललो नाही.

"थांबा," मी माइकशिवायच ओरडलो. "त्याला सिमेंट चालत नाही."

सगळे जागच्या जागी थांबले. पहारीसुद्धा.

"जागेवरून हलवलेलं चालत नाही. मुखवटा चालत नाही, शेंदूरही नाही. आईने तांब्यात पाणीच धरलं होतं ना? त्याला फक्त पाणी चालतं. दुसरं काही घातलं तर..." पुढचं सुचेना. माझ्या सुदैवाने ते विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

"आधी सांगायचं न्हाई का, सर," बजरंगराव म्हणाले. थोडे नाराज झाले, पण वाद घातला नाही. मुखवटा कापडात गुंडाळला गेला. चार पोरं गरम पाणी आणि गोणपाट आणायला धावली. कालवलेला माल वाया नको म्हणून गवंड्याने समोरच्या पायऱ्या लिंपून घेतल्या. खरं सांगितलं तेव्हा फेटा आणि टाळ्या मिळाल्या, खोटं सांगितलं तेव्हा काम झालं. बत्तीस वर्षांच्या नोकरीवर तिथे पाणी पडलं, आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. मला फक्त सरुबाईंची भीती वाटत होती. मांडवात माझं खरं बोलणं खरं मानणारं एक तरी माणूस असेल, तर ती त्याच होत्या. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांचे हात मांडीवरच होते.

लोक प्रसादाच्या रांगेकडे वळले तशा त्या पिंपळामागे आल्या. तांब्या हातात होताच.

"बाई, मला माफ करा," मी म्हणालो. "काल सांगायचं होतं. धीर झाला नाही."

"त्यात काय सांगायचं? मला तवाच ठावं व्हतं." त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या. "पन्नास वर्सं झाली मला ह्या गावात नांदाया येऊन. ह्या दगडावर आमी इळे घासलेत. असा देव असता तर मला कळला नसता?"

"मग तुम्ही पाणी का घालता?"

"गोष्ट सांगून झाल्यावर तुमची मानसं म्होरं गेली. तुमी मागं ऱ्हायला. हिकडंतिकडं बघितलं आन् बाटलीतलं पाणी समदं दगडावर वतलं. माझ्या डोक्यावर भारा व्हता, मी गोठ्याच्या कडंला उभी व्हती. कोन गेलं व्हतं तुमचं?"

हे मी आजपर्यंत सुहासिनीलाही सांगितलेलं नाही. वर सगळं लिहिताना इथेही गाळलं होतं.

"मुलगा," मी म्हणालो. "डोंगरात अडकला होता."

"आला?"

"आला. दुसऱ्याच दिवशी फोन आला."

त्यांनी मान हलवली. पोरं गोणपाटाने दगड घासत होती, लाल पाणी पिंपळाच्या मुळाशी साचत होतं. सरुबाईंनी नळावर जाऊन तांब्या काठोकाठ भरला आणि परत येऊन माझ्यापुढे धरला.

"माझ्या हातचं आठ म्हैने झाले, लागू पडंना," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातचं पडलं व्हतं. संपतसाठी तुमी घाला."

मी फेटा काढून ठेवला आणि तांब्या घेतला. अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं, उरलेलं दगडावर घातलं.

याला आता सहा आठवडे झाले, संपतची अजून खबर नाही. शेंदूर बराचसा निघालाय, गायीची वळलेली मान दिसायला लागली आहे. मी दर रविवारी वॉक संपवून कात्रजची बस धरतो. निघताना सुहासिनी माझ्या पिशवीत तांब्या ठेवते. आणि घरात फोन वाजला, की कोणाचा आहे ते बघायच्या आधी मी तो उचलतो.