तळ्याकडचं दार

गळ इतका बारीक होता की काचेवर वाकल्याशिवाय तो गळ आहे हे कळतच नव्हतं. पांढऱ्या गादीवर ठेवलेलं एक गंजकं वळण, टोकाशी उलटं फिरलेलं कुसळ, आणि ते कुसळ बघताना सुचेतानं जीभ दातांमागे ओढून घेतली. आत जाताना म्हणे लागत नाही, काढताना लागतं. सहाशे वर्षं हा गाळात पडून होता, असं शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं. इथे मठ होता, मठातल्या साधूंनी मासे पाळायला तळी खणली होती, मठ पडला, दगड लोकांनी नेले, तळी बुजली. एक मात्र अजून मागच्या उताराखाली आहे. आता सगळ्याचं मिळून कंट्री पार्क झालंय — मुलांसाठी झोके, कुत्र्यांसाठी कुरण, आणि घोड्यांच्या जुन्या पागेत हे दोन खोल्यांचं म्युझियम.

घड्याळात एक वाजून सोळा मिनिटं. दोनला अजून चव्वेचाळीस.

आज श्रावणातला सोमवार आणि इंग्लंडातली बँक हॉलिडेची सुट्टी, दोन्ही. सकाळी पिंडीवर मुगाची शिवामूठ वाहिली, निरांजन शांत होईपर्यंत बसली, आणि तोंड मिटलं ते आता दोनला उघडायचं. चातुर्मासाचा नेम. लग्नानंतरचा एकही चातुर्मास तिनं नेमावाचून घालवला नव्हता — कधी एकवेळ जेवण, कधी मीठ सोडणं, कधी सकाळचं मौन. पण त्या मौनात पाटीवर लिहिलेलं चालायचं, हातवारे चालायचे. यंदा काष्ठमौन. लाकडाचं. लिहायचं नाही, खूण करायची नाही, मानसुद्धा हलवायची नाही. तिची आई म्हणायची, मौन तोंडाचं नंतर बाई, आधी डोळ्यांचं.

"आज तुला तुझ्या माणसांत नेतो," मिल्टन कीन्सच्या घरून निघताना यतीन गाडीत म्हणाला होता. "सगळे गप्प बसणारे."

"बाबा, दॅट्स मीन," मागून वैभवी. आणि सुचेताचे सासरे, आप्पा, वैभवीच्या शेजारी, पट्टा दोन्ही हातांनी धरून: "कोण गप्प बसलंय?"

साधूंनाही मौन होतं हे खरंच. वैभवीनं मघाशी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, "आई, हे बघ ना, ते लोक जेवताना बोलायचा नाही. मीठ पाहिजे तर असा बोट करायची. तुझ्यापेक्षा इझी होतं त्यांचं." आणि आपण सोळा वर्षांच्या मुलीसमोर लाकूड होऊन उभ्या. हसूसुद्धा गालात दाबून. मग ती कॉफीच्या रांगेत गेली. यतीन आप्पांचं जॅकेट आणायला गाडीकडे गेला, जाताना म्हणाला, "आप्पांकडे लक्ष असू दे हं. पाच मिनिटांत आलो."

ती हलली नव्हती. तिचं न हलणं त्यानं होकार म्हणून धरलं. गेले पाच आठवडे घरात हे असंच चाललं होतं.

आप्पा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, अजून ताठ. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, त्यामुळे मठाच्या नकाशावर पाण्याची चारी कुठून कुठे नेली होती ते बोटानं काचेवर बघत होते, आणि त्या दोन मिनिटांत ते अगदी पूर्वीचे आप्पा होते — लग्नात तिच्या वडिलांना बाजूला घेऊन, "मुलगी आमची, काळजी करू नका," म्हणणारे. मग बोट थांबलं. ते वळले. तिला तो चेहरा पाठ होता, भुवया आधी वर जायच्या...

"सुचेता, शशी कुठे गेली गं?"

सासूबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली. पुण्याला, सगळं आप्पांच्या डोळ्यांदेखत. त्यांना इकडे आणल्यावर पहिल्यांदा त्यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा सुचेतानं खरं सांगितलं — आई गेल्या हो, आप्पा — आणि ते सोफ्याच्या कडेला बसले, आणि म्हणाले, मला कुणी कळवलं नाही. तासाभरानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच ऐकलं, पुन्हा तितकेच बसले. एका दिवसात एका माणसाची बायको किती वेळा मारायची? मग ती म्हणायला लागली, येतीलच. ते खोटं. रोज दहा वेळा, वीस वेळा, देवासमोर फुलं वाहता वाहता खोटं. यतीन वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. खाली ती, आप्पा आणि तो प्रश्न.

म्हणून मौन. खोटं बोलायला नको म्हणून — असं तिनं आषाढी एकादशीला देवाला सांगितलं होतं. आणि देवानं काही विचारलं नाही. दोनपर्यंत कुणाला उत्तर द्यावं लागणार नाही, किती शांत वाटेल... हे काही तिनं सांगितलं नव्हतं. हे त्या सांगण्याच्या खाली होतं, आणि तिला माहीत होतं की ते तिथे आहे.

"शशी," आप्पा पुन्हा म्हणाले. "बाहेर आहे का?"

सुचेता काचेकडे बघत राहिली. आणि मग तिचे डोळे दाराकडे गेले.

खोलीच्या टोकाला मागचं दार होतं, उकाडा म्हणून कुणीतरी विटेनं उघडं अडवून ठेवलेलं. पलीकडे ऊन, गवताचा उतार, उताराच्या तळाशी पाण्याची हिरवी पट्टी. तिचे डोळे तिकडे गेले. गेले, की मी नेले? क्षणभरच. पापणी लवायला लागतो तेवढाही वेळ नसेल. वाऱ्यानं दार कुरकुरलं असेल, माणूस बघतोच. पण आप्पांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं होतं, आणि त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "हां." टोपी सारखी केली. आणि गेले.

हाक मारायची. नुसतं "आप्पा". दोन अक्षरं. नाहीतर नियम मोडायचा नसेल तर पाय होते की, पायांना कुठे मौन आहे, सहा पावलं चालून त्यांचा हात धरायचा. तिनं त्यांना उंबरठा ओलांडताना पाहिलं, पांढरा शर्ट उन्हात गेला, मग दाराच्या चौकटीतून सरकत निम्मा झाला, मग नुसती टोपी, मग गवत.

ती उभी राहिली.

खिशात माळ होती. बोटं आपोआप तिच्यावर गेली, ओम नमः शिवाय, एक मणी. आता जाते. दुसरा मणी. यतीन येईलच. ते तळ्यापर्यंत जाणार नाहीत, वाटेत बाक आहे, बसतील. तिसरा. चौथा. हॅनाह नावाचा बिल्ला लावलेली म्हातारी स्वयंसेविका टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवत होती. तिनं वर पाहून स्मित केलं, सुचेतानं स्मितही परत केलं नाही, आणि त्या बाईला काय वाटलं असेल याची लाज तिला वाटली — ही लाज वाटली, बघा. ही बरोबर वेळेवर वाटली.

समोरच्या भिंतीवर साधूंचे नियम होते. मौन केव्हा मोडावं: आग लागली तर. चोर शिरला तर. कुणी मरणाच्या दारात असेल तर. तिनं यादी पुन्हा वाचली. म्हातारा माणूस उघड्या दारातून बाहेर गेला तर, असं त्यात नव्हतं. शोधत होती की काय ते? आपण खरोखरच शोधत होतो की यात ते नाही म्हणून... एक वाजून एकवीस.

आणि मग तिला कळलं की खोली शांत आहे. कुणी काही विचारत नाहीये. खांदे खाली आले होते. पाच आठवड्यांत, छे, दोन वर्षांत आले नव्हते इतके खाली. श्वास पोटापर्यंत जात होता, आणि मणी पुढे सरकत होते, आणि जप असा लागला होता जसा घरी कधी लागत नव्हता. देवा, किती छान लागला होता. आणि तो कशानं लागलाय हे समजल्यावरही तिनं एक मणी पुढे ओढला. मग आणखी एक.

एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी यतीन आला, हातावर जॅकेट, मागे वैभवी दोन कप सांभाळत.

"रांग बघ किती. आप्पा कुठेत?"

लाकूड.

"बाथरूमला गेले?" त्यानं पुढची खोली पाहिली, परत आला. "सुचेता, आप्पा कुठेत?"

"आजोबा बाहेर नाही होते," वैभवी म्हणाली. "आम्ही आता तिकडूनच आलो." तिचा आवाज चिरकला. हॅनाहनं शब्दकोडं खाली ठेवलं आणि इंग्रजीत विचारलं, वडील का, निळी टोपी? आणि वॉकीटॉकी उचलला. यतीन सुचेताच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. तो चिडला नव्हता. तेच वाईट होतं. तो विनवत होता, आणि तिच्या नेमाचा मान राखत विनवत होता. "नुसती मान हलव. पुढून गेले का?"

"मागच्या दारानं," ती म्हणाली. घसा सकाळपासून वापरला नव्हता, आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा आला. "तळ्याकडे."

ते धावले. तीही धावली, साडीवरच्या कार्डिगनची बटणं सुटलेली, उतारावर सपाता घसरत. वाटेत बाक होता. बाकावर कुणी नव्हतं. पाण्याच्या कडेला जांभळी फुलं, एक कुत्रा भुंकत होता, आणि माणसं उभी होती, पाच-सहा, पाठमोरी, आणि त्या पाठींच्या पलीकडे काय आहे ते दिसेपर्यंतच्या तीस पावलांत तिनं देवाला काहीही मागितलं नाही. तोंडच नव्हतं मागायला.

आप्पा गुडघाभर पाण्यात उभे होते. पार्कचा रेंजर बुटांसकट आत उतरून त्यांचा दंड धरून होता. आप्पा त्याला मराठीत समजावत होते, जादा पाण्याचा सांडवा या बाजूला हवा होता, चुकीच्या जागी आहे. त्यांना बाहेर काढलं, बाकावर बसवलं. रेंजर म्हणाला, पुढे दोन पावलांवर एकदम खोल आहे. त्यानं ते साधेपणानं सांगितलं, जसं टॉयलेट कुठे आहे ते सांगावं.

"आप्पा, एकटे कशाला आलात?" यतीननं जॅकेट त्यांच्या खांद्यांवर टाकलं.

"एकटा कुठे? शशी इकडे आहे. सुचेता म्हणाली."

यतीन हसला, रडू आवरताना माणूस हसतो तसा. "आप्पा, ती दोनपर्यंत बोलत नाही."

"तोंडानं नाही रे," आप्पा म्हणाले. "डोळ्यांनी म्हणाली."

वैभवीही हसली, नाक पुसत. "आजोबा, यू आर सो फनी." आणि मग आईच्या दंडाला बिलगली. "आई, तू बोलली. तू खरंच तोडली ती. आजोबांसाठी."

"हो ना," यतीन म्हणाला, आणि तिच्याकडे असं पाहिलं की असं त्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "इतकं कडक धरलं होतंस. वाईट नको वाटून घेऊस. देव समजून घेतो गं."

देव समजून घेतो. हे वाक्य तिनं स्वतः किती जणींना ऐकवलं होतं — आजारपणात उपास मोडलेल्या मैत्रिणींना, अधिकाची वाणं राहून गेलेल्या नणंदेला. धीर द्यायचं वाक्य. ते आज पहिल्यांदा तिनं नीट ऐकलं. तो समजून घेतो. सगळंच.

बारा मिनिटं, असं म्हणायचं होतं. म्हणता येत होतं. नेम मोडलेलाच होता, आता अडवायला काहीच नव्हतं. अहो, मी पाहिलं होतं. तोंड उघडलं. यतीन मोजे पिळत होता, वैभवी फोनवर मोठा टॉवेल कुठे मिळेल ते बघत होती, आणि दोघांच्या चेहऱ्यांवर सुटका होती, आणि त्या सुटकेत माझं नाव होतं. तोंड मिटलं. आता ह्याला काय म्हणायचं? हे कोणत्या देवासाठी?

मी खाली बसले, गवतात, गुडघ्यांवर. पदरानं आप्पांचे पाय पुसू लागले. गार पडलेले, बोटांमध्ये गाळ, नखं वाढलेली. ती मी कापायला हवी होती मागच्या आठवड्यातच. उजवा पाय उचलायला सांगितला तर त्यांचा तोल गेला, आणि त्यांनी सावरायला हात टेकला तो माझ्या डोक्यावर. नमस्काराला वाकलेल्या सुनेच्या डोक्यावर ठेवतात तसा. सवयीनं ओठ हलले त्यांचे, काहीतरी पुटपुटले, आशीर्वादच असणार, दुसरं काय असेल. दोन्ही पाय केव्हाच कोरडे झाले होते. मी पुसतच राहिले. उठले तर हात निघेल, आणि हात निघाला की वर बघावं लागेल, आणि त्यांना माझे डोळे वाचता येतात.