अर्धा बेडूक

बाभळीचा काटा बेडकाच्या पायातून मेणात दाबताना रंभानं जीभ दातांत धरली होती. चारही पाय नीट ताणले गेले, तसं तिनं ट्रेमध्ये तांब्यानं पाणी ओतलं आणि समोर बसलेल्या इंदूकडे पाहिलं.

"हं. कर आता तुह्या बाजूनं सुरू."

ट्रे कसला, बिस्किटांच्या डब्याचं झाकणच ते. त्यात उरल्यासुरल्या मेणबत्त्या वितळवून ओतल्या होत्या. टाचण्या पाण्यात गंजतात, काटे गंजत नाहीत, हा शोध रंभाचा. ब्रह्मपुरीत इंदूच्या वडिलांच्या, गुणवंतराव रामटेक्यांच्या घरामागच्या सांदवाडीत, वांग्याच्या वाफ्याशेजारी, बारावीतल्या या दोन मुलींचा दवाखाना दर रविवारी भरायचा. बोर्डाचं जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल फेब्रुवारीत होतं. धान कापून बांध्या कोरड्या पडल्यावर बेडूक कुठून मिळणार? कॉलेजच्या प्रयोगशाळेतला डोमाभाऊ हौदातला एक बेडूक क्लोरोफॉर्म देऊन हातावर ठेवायचा, वर चार शब्द ऐकवायचा. बेडूक एक आणि मुली दोन, म्हणून वाटणी झाली होती. डोक्याकडून इंदू आणि शेपटीकडून रंभा म्हणावं, तर बेडकाला शेपूट नसतं. तेव्हा पायांकडून रंभा. पहिल्या रविवारी ज्या जागी बसल्या, त्याच जागी त्या हिवाळाभर बसल्या.

रंभा वैनगंगेकाठच्या गावाहून एसटीनं यायची. घरच्या बोडीतले, म्हणजे लहानशा तळ्यातले मासे साफ करता करता तिची बोटं अशी तयार झाली होती की तिच्या कात्रीखाली एकही रक्तवाहिनी फुटत नसे. पण इंग्रजी नावं आली की तिची बोबडी वळायची. इंदूला नावं तोंडपाठ होती आणि कात्री धरली की हाताला कापरं भरायचं. एकीनं दुसरीला हात द्यावा, दुसरीनं पहिलीला तोंड, असा सौदा जमला होता.

"हृदयातून वर निघते ते पह्यली?" इंदूनं विचारलं.

"कॅरॉटिड. मंग सिस्टेमिक. मंग ते तिसरी... पल्मो..."

"पल्मोक्युटेनियस. फुप्फुसाकडे अन् कातडीकडे जाते ते."

"तसं मराठीत सांगतलं तं मरते का काय परीक्षक?"

इंदू हसली आणि हसता हसता तिनं कॅरॉटिड अलगद सोडवलीसुद्धा. हात थरथरला नाही. दुपारी इंदूच्या आईनं दोघींना भात, वरण आणि वांग्याची भाजी वाढली. रंभा ब्रह्मपुरीत कोणाच्या घरी जेवते हे तिच्या गावात कोणी विचारत नसे आणि तीही सांगायला जात नसे.

इंदूला नागपूरला नर्सिंगला जायचं होतं. तिची मावशी गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स होती. मावशीनं स्पष्ट सांगितलं होतं, "बायोलॉजी एका दमात काढ, मी तुह्या बापाशी बोलतो. नापास झाली तं लगन थांबवनं माह्या हातात नाई." आणि प्रॅक्टिकल बुडालं की विषय बुडालाच.

बोर्डाच्या आधी कॉलेजनं सराव परीक्षा घेतली. इंदूला रक्तवाहिन्या आल्या. तिनं सफाईनं कापलं, कागदाची झेंडी लावलेल्या टाचण्या टोचल्या आणि समाधानानं मागे सरकली. जीवशास्त्राचे नाकाडे सर आले, वाकले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"रामटेके, ही मधली तेवढी बरोबर आहे. बाकी सगळं खालचं वर आणि वरचं खाली. डावंउजवंही चुकलं. बेडूक काय डोक्यावर उभा केलास?"

वर्ग खदखदून हसला. इंदूला काहीच कळेना, आणि मग एकदम सगळं कळलं. सांदवाडीत बेडकाचं डोकं कायम तिच्याकडे असायचं. तिच्या सर्वांत जवळची ती कॅरॉटिड, हे तिच्या डोळ्यांत इतकं बसलं होतं की इथे जवळ आलेल्या पल्मोक्युटेनियसवर तिनं बिनधास्त कॅरॉटिडची झेंडी रोवली होती.

"त्यात काय रडाचं?" बाहेर आल्यावर रंभा म्हणाली. "परीक्षेत ट्रे फिरवून घे. डोस्कं तुह्याकडे."

"अन् परीक्षक हासला तं? मार्क कापले तं? सर म्हनतात, तसं कोनी करतच नाई."

"नाई करत म्हनून करू नये असं कुठी लिवलं हाये?"

"तुले सांगाले काय होते? तुह्यं सारं सुलटंच हाये."

रंभाला नागपूरलाच बी.एस्सी.ला जायचं होतं आणि प्रॅक्टिकलचे पैकीच्या पैकी मार्क मिळवायचेच, असा तिनं चंग बांधला होता. हौदातले उरलेले बेडूक आता बोर्डासाठी राखून ठेवले होते. इंदूनं मग कागदावर चित्रं काढून सुलटं घोकलं. कागदावर जमायचं, डोळे मिटले की बेडूक पुन्हा गर्रकन फिरायचा.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक जाडजूड, पांढऱ्या सफारीतले आणि चेहऱ्यावरची रेषही न हलणारे होते. इंदूनं चिठ्ठी उचलली. रक्तवाहिन्याच. बेडूक ट्रेमध्ये उताणा, डोकं पलीकडे, बाकी सगळ्यांसारखा. तिनं कात्री उचलली आणि हिवाळाभर कुठे तरी पळून गेलेलं कापरं हातात परत आलं. घोकलेलं चित्र आठवेना. ट्रेच्या कडेला तिनं बोटं लावली, परीक्षकांकडे पाहिलं आणि बोटं काढून घेतली.

परीक्षक पुढच्या रांगेत, खिडकीखालच्या टेबलाशी थांबले होते. ते टेबल रंभाचं. सकाळचं ऊन थेट तिच्या ट्रेवर पडलं होतं आणि इंदूला मागून सगळं लख्ख दिसत होतं. रंभाच्या बेडकाचं डोकं रंभाकडे होतं.

"हे काय?" परीक्षकांचा आवाज घुमला. "ट्रे उलटा का?"

प्रयोगशाळेत कात्र्या थांबल्या.

"सर, तुमच्या बाजूनं सुलटाच हाये," रंभा म्हणाली. जरा मोठ्यानंच म्हणाली, मागच्या रांगेपर्यंत जाईल इतकं.

"मांडणीचे मार्क कापले तर?"

"कापा सर. पन आधी बेडूक पाहून घ्या."

परीक्षक वाकले. त्यांनी चिमट्यानं आतडं उचलून पाहिलं, जठर पाहिलं, एक-दोन नावं विचारली. रंभानं ती न अडखळता सांगितली. "कोणत्या बाजूनं कापायचं असा काही नियम नाही," असं काहीसं पुटपुटत त्यांनी कागदावर आकडा लिहिला आणि ते पुढे सरकले. आकडा काय होता ते कोणालाच दिसलं नाही.

इंदूनं ट्रे दोन्ही हातांनी धरून फिरवला. बेडकाचं डोकं तिच्याकडे आलं आणि वांग्याच्या वाफ्याशेजारी बसल्यासारखं वाटून तिला हायसं वाटलं. जवळची कॅरॉटिड. मग सिस्टेमिक. मग ती तिसरी, फुप्फुसाकडे आणि कातडीकडे जाणारी. परीक्षक तिच्या टेबलाशी आले तेव्हा झेंड्या लावून झाल्या होत्या. त्यांनी ट्रे पाहिला, रंभाच्या पाठीकडे पाहिलं, मग इंदूकडे.

"तुम्ही दोघी एकाच ठिकाणी शिकलात वाटतं."

"हो सर."

"बरोबर आहे सगळं," ते म्हणाले.

दुपारी एसटी स्टँडच्या बाकावर दोघी बोरं खात बसल्या. रंभाची गाडी यायची होती. इंदूचा आनंद पोटात मावत नव्हता; मावशीला कधी एकदा कळवते असं तिला झालं होतं. दुसरं बोर तोंडात टाकता टाकता ती थबकली.

"रंभे, तू काऊन फिरवला वो ट्रे? तुले तं तिकडूनच येते ना?"

रंभानं बी लांब थुंकली.

"अंधार होता माह्या टेबलावर. काईच दिसून नाई राह्यलं होतं. म्हनून फिरवला."

इंदूनं तिच्याकडे पाहिलं. मग ओंजळीतली बोरं चाचपून त्यातली पिकली पिकली निवडली आणि रंभाच्या ओच्यात टाकली.