कदाचित उघडते

बाबा कुलपांच्या संग्रहालयात सूचीकार होते. निवृत्तीनंतरही घरी बसून त्यांचं तेच चाललेलं असे: संगणकावर कुलपं, किल्ल्या आणि त्यांची एकमेकांशी नाती मांडायची. सॉफ्टवेअर त्या नात्यांना 'गुणधर्म' म्हणतं. 'उघडते' हा एक गुणधर्म. त्याच्या एका बाजूला किल्ली, दुसऱ्या बाजूला कुलूप. ते गेल्यावर ती फाइल आवरून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

"हे दोन कशाला?" संग्रहालयाच्या बाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "'उघडते' आणि 'कदाचित उघडते'. एकातच घाला ना सगळं."

"तसं केलं तर त्यांच्या शंकाही खऱ्या होऊन बसतील. स्वतः किल्ली फिरवल्याशिवाय बाबा 'उघडते' लिहीत नसत."

घरीही तोच खाक्या. फिरायला जायचं का? कदाचित. भाजीत मीठ बरोबर आहे का? "दुसरा घास घेऊ दे." आई म्हणायची, "लग्नाचं विचारलं तेव्हाही कदाचितच म्हणाले. मीच हो म्हणून मोकळी झाले, नाहीतर अजून बसलो असतो!" बाबा चष्मा पुसत हसायचे.

"बरं, हा 'कदाचित उघडते' कुठे कुठे वापरलाय ते तरी बघा," बाई म्हणाल्या.

मी शोधून पाहिलं. एकच ओळ. एक पितळी किल्ली, एका पेटीचं कुलूप. बाकीच्या शंका त्यांनी फेडल्या होत्या. एवढी राहून गेली.

"मग फिरवूनच बघू की." बाईंनी कपाटातून दोन्ही आणून टेबलावर ठेवली.

किल्ली लावली खरी, पण फिरवायला हात होईना. कुलूप उघडो न उघडो, ती ओळ तिथून जाणार होती आणि पाठोपाठ तो गुणधर्मही. बाबांचं शेवटचं कदाचित.

"घट्ट आहे का? तेल आणू?"

"नको."

मी फिरवली. किल्ली अर्ध्यात अडली. लहानपणी माझ्या हातावर हात ठेवून ते म्हणायचे, "रेटू नकोस गं. जरा मागे घे, मग पुढे." मी मागे घेतली. कुलूप सुटलं.

ती ओळ 'उघडते'खाली हलवली. मग रिकामा गुणधर्म निवडून काढून टाकायचं बटण दाबलं. खात्री आहे ना, असं सॉफ्टवेअरनं विचारलं.

बोटांना पितळेचा वास येत होता. मी हो म्हटलं.