न करकरणाऱ्या खाटेची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खाट आहे. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, खाली चार चाकं, वर एक पातळ गादी आणि मधोमध बिजागरी, एवढाच माझा पसारा. मिटलं की मी उभी राहते, उघडलं की आडवी होते. फार काही येत नाही मला, पण जे येतं ते मी चोख करते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका कारागिराने माझे सांधे जोडले, एका बाईने स्प्रिंगा ताणून बसवल्या आणि शेवटी एक जाडजूड गृहस्थ माझ्यावर धपकन बसले, उठले, पुन्हा बसले. माझ्याकडून हूं की चूं आलं नाही. त्यांनी मान डोलावली तेव्हा मी पास झाले. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मला ट्रकमध्ये चढवलं, तेव्हा मी नाही नाही ती स्वप्नं पाहत होते. मला एक खोली मिळेल, खिडकी मिळेल, रोज माझ्यावर झोपणारं आपलं असं एक माणूस मिळेल.

मिळालं काय, तर गोदाम.

त्याचं असं आहे, की इथे एक मोठं थीम पार्क आहे. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, दिवसभर किंकाळ्या. त्याच्या बाहेर एका बाजूला झाडीत लाकडी केबिन आहेत आणि दुसऱ्या बाजूला हॉटेल आहे, त्यात सूट आहेत. सूट म्हणजे दोन खोल्या आणि मधे एक दार. दोन्हींचा मालक एकच आणि दोन्हींच्या मधोमध आमचं गोदाम. ज्या कुटुंबात पलंग संपतात आणि माणूस उरतो, तिथे मला ढकलत नेतात. म्हणून मला इथे कोणी खाट म्हणत नाही, 'जादा' म्हणतात. "झाडाखालच्या केबिनला एक जादा पाठव रे!" केबिनमधल्या लाकडी पलंगांना मी हॉटेलची वाटते. हॉटेलमधल्या गुबगुबीत पलंगांना मी केबिनची वाटते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तो पाहुणा मीच. मी नेमकी कुठली, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्यात माणसं गोंधळ वाढवतात. "केबिनच घेऊ या, सगळे एकत्र राहू," असं ज्या तोंडाने सकाळी म्हणतात, त्याच तोंडाने संध्याकाळी म्हणतात, "सुट्टीतसुद्धा भांडी मीच घासायची का?" सूट घेणारे म्हणतात, "मधे दार आहे ते बरं." मग दार लावतात आणि पलीकडे मुलं काय करताहेत म्हणून दाराला कान लावून बसतात. माणसांना दार हवं असतं की नको असतं? मी पुष्कळ विचार केला. गादी झिजली, पण उत्तर सापडलं नाही.

आता त्या कुटुंबाची गोष्ट सांगते. कारण माझ्यावर आळ आला तो तेव्हाच.

गर्दीचे दिवस सरले होते आणि निम्म्या खोल्या रिकाम्या होत्या. एक नवरा-बायको दोन मुलांना घेऊन आले. मुलगी मोठी, शहाणी. धाकटा म्हणजे शेंडेफळ, पायाला भिंगरी. आणि सोबत आत्या. आत्या म्हणजे त्या नवऱ्याची थोरली बहीण. शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते, गावात एकटी राहते. ती आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी हिंडायला आली होती, आणि तेसुद्धा भावाने चार वर्षं मागे लागल्यावर. यंत्रांच्या घरघरीत जन्म गेल्यामुळे तिला जरा कमी ऐकू यायचं आणि ती बोलायची मात्र मोठ्याने. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "ही माझी. मला ऐसपैस पलंगावर झोपच येत नाही."

माझा ऊर भरून आला. इतकी वर्षं लोक मला पाहून नाक मुरडत आले. मला 'माझी' असं कोणी म्हटलं नव्हतं.

केबिनमध्ये एकच मोठी खोली. तिथेच सगळे झोपले, आणि थोड्याच वेळात आत्या घोरू लागली. मित्रांनो, मी पुष्कळ घोरणारे पेलले आहेत, पण हे काम वेगळंच होतं. आधी शिट्टी, मग गाडी घाटात चढावी तशी घरघर, मग अचानक शांतता. आता संपलं असं वाटावं, तोच पुन्हा पहिल्यापासून. भावाच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, डोळ्याला डोळा लागला नाही. मोठीने उशी कानावर दाबली. शेंडेफळ उठून बसलं आणि दिवा लावून रडलं. भाऊ तेवढा डाराडूर झोपला होता.

सकाळी आत्या ताजीतवानी उठली. "काय छान झोप लागली ग बाई!" म्हणत तिने सगळ्यांना चहा केला. चहा घेताघेताच शेंडेफळाचं डोकं कपावर पेंगलं.

वहिनींनी नवऱ्याला बाहेर ओढलं. मी दाराशीच होते, म्हणून ऐकलं.

"आपण सूट घेऊ या. मधे दार तरी असेल."

"का? इथे काय वाईट आहे?"

"तुम्हाला खरंच काही ऐकू आलं नाही?"

"काय ऐकू यायचं होतं?"

वहिनींनी कपाळावर हात मारला. "आता तुम्हाला काय सांगू! पण ताईंना काही बोलू नका. बिचाऱ्या पहिल्यांदा आल्यात. कळलं तर पुन्हा घराबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत."

आणि मग सुरू झाली माझी वरात. वहिनींनी आत्याला सांगितलं, की इथे डास फार आहेत. पाहुण्यांचं सामान हातगाडीवरून नेणाऱ्या गाडीवाल्याने मला ढकलत सूटमध्ये नेलं. आत्याला वाटलं, डास हे नुसतं निमित्त, तिचे गुडघे दुखतात म्हणून हे सगळे लिफ्टवाल्या हॉटेलात निघाले. तिकडे शेंडेफळ केबिनमधल्या शिडीच्या पलंगासाठी हटून बसलेलं. आपल्यापायी लेकरांची हौस का मोडायची, म्हणून आत्या कोणाला न विचारता खाली काउंटरवर गेली आणि केबिन परत मागून आली. गाडीवाल्याने मला पुन्हा केबिनमध्ये नेलं. वहिनींना कळलं, तशा त्या धावत काउंटरवर गेल्या. मी पुन्हा निघाले. हॉटेलच्या दाराशी माझं एक चाक निखळायला आलं, तेव्हा गाडीवाला घाम पुसत म्हणाला, "बाई, एकदा काय ते ठरवा. हिला तरी कळू द्या, कुठं जायचंय ते."

माझ्या मनातलं बोलला तो.

काउंटरवरच्या बाईही वैतागल्या होत्या. "मॅडम, केबिनमध्ये नेमका त्रास काय आहे? सांगा म्हणजे दुरुस्त करता येईल."

आत्या शेजारीच उभी होती. भाऊही. दोन्ही मुलं आईच्या तोंडाकडे पाहत होती. वहिनींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"ही खाट," त्या म्हणाल्या. "ही खाट फार करकरते हो. रात्रभर कोणाला झोप नाही."

मी! मी करकरते! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग वाटलं, खरंच करकरत असेन का? आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही असंही असतं. मी एकेक सांधा आठवून पाहिला. बिजागरी? स्प्रिंगा? माझा माझ्यावरच विश्वास राहीना.

गोदामाचा मुकादम आला, त्याने मला नीट पाहिलंसुद्धा नाही. खिशातला खडू काढून माझ्या डोक्याकडच्या नळीवर मोठी फुली मारली. फुली म्हणजे भंगार. भंगाराची गाडी दुपारनंतर यायची होती, तोवर मला हॉटेलच्या मागच्या ओट्यावर ठेवलं.

ते कुटुंब पार्कात गेलं. दुपारी उन्हं चढली तशी परत आली सगळी. पाळण्याच्या रांगेतच मुलं उभ्याउभ्या झोपली होती म्हणे. बाकीचे आत जायला निघाले. आत्या मात्र ओट्यावर माझ्याकडे आली. तिच्या पिशवीत शिवणयंत्राच्या तेलाची नळीवाली बाटली असते. सुट्टीलाही ती बरोबर होती, सवयच तशी.

"थांब, बघते तुला," ती म्हणाली. "एवढ्यातेवढ्या आवाजासाठी कोणी वस्तू टाकून देतं का!"

तिने मला उघडलं. प्रत्येक सांध्याला तेलाचा थेंब सोडला, हाताने पुसला. मग बसली. उठली. पुन्हा बसली. कमी ऐकू येतं म्हणून नळीला कान लावला. मग तळवा लावला, कारण कारखान्यात कान चालत नाहीत, यंत्राचा आवाज ती हातानेच ओळखते. मी गप्प होते. तेलाच्या आधीही गप्पच होते.

"अरे, इकडे या जरा!" तिने हाक मारली तशी सगळी मागे फिरली. "ही खाट करकरत नाहीये. सांधे घट्ट आहेत. मग रात्री आवाज कसला येत होता?"

वहिनी पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. मोठी चपलेने जमीन उकरू लागली. शेंडेफळाने तोंड उघडलं, तर मोठीने ते हाताने बंद केलं.

आत्याने एकेकाकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे लाल झालेले. तिचा हात हळूहळू खाली आला.

"मी?" तिने विचारलं. इतक्या हळू बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. "मी घोरते?"

मोठीच्या हाताखालून शेंडेफळाने हो म्हणून मान हलवली.

"मला कोणी सांगितलं नाही कधी." मग ती स्वतःशीच म्हणाली, "सांगणार तरी कोण? घरात आहे कोण ऐकायला?"

मित्रांनो, माझ्यावरची फुली मी त्या क्षणी विसरले. मला खूप वाईट वाटलं.

तिने बाटलीचं झाकण लावलं. "असं करा, तुम्ही चौघं सूटमध्ये राहा. मी केबिनमध्ये एकटी राहीन, मला सवय आहे. नाहीतर संध्याकाळच्या गाडीने मी घरीच जाते. उगीच माझ्यामुळे..."

"ताई, गप्प बस!" भाऊ एकदम ओरडला. मग त्याने शेंडेफळाच्या डोक्यावर हात ठेवला. "आई गेली तेव्हा मी याच्याएवढा होतो. अंधाराची भीती वाटायची. तू दिवसभर कारखान्यात राबून यायचीस आणि पडल्यापडल्या घोरायला लागायचीस. तो आवाज आला की मला कळायचं, ताई आहे. मग मी झोपायचो. लग्न झाल्यावर कित्येक महिने मला झोप लागत नव्हती, ते हिला विचार. काल इतक्या वर्षांनी मी मेल्यासारखा झोपलो. मला खरंच काही ऐकू आलं नाही ग."

वहिनी रडायलाच लागल्या. "ताई, मी खोटं बोलले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले."

 आत्याने अंगठा ओला करून माझ्या नळीवरची फुली खसखसून पुसली. "मला सांगितलं असतंत तर या बिचारीवर पाळी आली नसती," ती म्हणाली, आणि डोळे पुसतापुसताच फिस्सकन हसली. "फार मोठ्याने का ग?"

"ट्रकसारखं!" शेंडेफळ मोठीच्या बोटांमधून ओरडलं.

सूट ठरला. आतल्या खोलीत वहिनी आणि मुलं, बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या पलंगावर बळंच आत्याला बसवलं. आणि माझ्यावर कोण झोपलं? भाऊ. पाय वीतभर बाहेर लोंबत होते, तरी दुपारच्या झोपेत पहिला तोच गेला. मधलं दार वहिनींनी लावलं होतं. थोड्या वेळाने त्यांनीच उठून ते बोटभर उघडं ठेवलं. आता मला सांगा, ते दार हवं होतं की नको होतं? आणि त्या पाचांत जादा कोण होतं? तो जाडजूड भाऊ अंगावर घेऊन मी बराच वेळ हिशेब करत होते, पण मला जादा कोणीच सापडेना.

त्यानंतर मी पुन्हा गोदामात गेले. बिजागरी अजून मऊ चालते, पण चाकं म्हातारी झाली आहेत. मित्रांनो, तुमच्या घरी एखादी खाट, खुर्ची, दार काही वाजलं, तर लगेच फुली मारू नका. थेंबभर तेल घालून पाहा, हात लावून पाहा. आणि आवाज तिचा नसेल, तर ज्याचा असेल त्याच्याजवळ बसून प्रेमाने सांगा. त्या माणसाला सांगणारं दुसरं कोणी नसेल.

परवा काउंटरवरच्या बाईंचा आवाज गोदामापर्यंत आला. फोनवर त्या कोणाला तरी समजावत होत्या.

"सर, केबिन की सूट, ते तुम्ही नंतर कळवा. पण तुम्ही मागताय ती खाट जुनी आहे. नव्या आल्यात, त्यांतली देते ना... नाही का? बरं."

फोन ठेवून त्या गाडीवाल्याला म्हणाल्या, "काय माणसं असतात! मागच्या खेपेला तक्रार केली, आणि आता म्हणतात, ती करकरणारी खाटच पाहिजे, आमच्या ताईंची आहे."

"पण ती करकरत नाही," गाडीवाला म्हणाला.

"तेही सांगितलं मी. तर म्हणाले, माहीत आहे. पण रात्री आवाज आला तर तिचंच नाव घ्यायचं, असं ताईंनी ठरवलंय."

घ्या म्हणावं, खुशाल घ्या. केबिन असो की सूट, मी आपली एका कोपऱ्यात गप्प पडून राहीन आणि आवाजाचा आळ खुशीने अंगावर घेईन.