हातगुण

नणंदेने कण घातले की पेशी जगत. भावजयीने घातले की मरत. कणांची बाटली एक, पेशी एकाच वाणाच्या, त्या ठेवायचे उबदार कपाटही एकच.

प्रयोगशाळा घरचीच होती. सासरे तिचे संचालक. मुलगी आणि सून शेजारीशेजारी बसून काम करत. हाती घेतलेले काम एका सौंदर्यप्रसाधन कंपनीचे होते. लहान मुलांच्या चेहऱ्यावर उन्हापासून बचावासाठी मारायचा फवारा तिला बाजारात आणायचा होता आणि त्यात झिंक ऑक्साइडचे नॅनोकण होते. अंगाला चोपडलेला लेप बहुतांशी कातडीवरच राहतो. फवारा श्वासाबरोबर आत जातो. म्हणून माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशी प्लेटमध्ये वाढवायच्या, त्यांना पोषकद्रवातून हे कण द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी किती जिवंत उरल्या ते मोजायचे, असे ठरले होते. सुनेचा प्रबंध याच कामावर उभा होता. त्यावर सही सासऱ्यांची लागणार होती.

सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, तर सुनेच्या प्लेटमधल्या पेशी आक्रसून गोल झालेल्या, तळापासून सुटून द्रवात तरंगणाऱ्या. नणंदेच्या प्लेटमध्ये त्या फरशी बसवावी तशा एकमेकींना चिकटून.

"वहिनी, तुझ्या हाताला यशच नाही गं," नणंद म्हणाली. "तू पाणी घातलंस की कुंडीतलं झाडसुद्धा मान टाकतं."

"कुंडीतही तू झिंक घालतेस का, बघायला हवं," सून म्हणाली. तेव्हा तिला अजून विनोद सुचत असत.

विषय घरी जेवणाच्या टेबलावर आला. सासरे पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "शास्त्राला हातगुण मान्य नाही. पण शास्त्राला आकडे मान्य आहेत, आणि आकडे तुझ्या हाताविरुद्ध आहेत."

"बाबा, पेशी मरतात याचा अर्थ कण विषारी आहेत, असाही होऊ शकतो ना?"

"मग हिच्या का मरत नाहीत?"

"तेच शोधायचंय."

"हातात कशाला शोधता?" नणंद हसत म्हणाली. "वहिनीच्या पोटात तरी कुठे काय टिकलं?"

नवऱ्याने मीठ मागितले. सुनेने ते सरकवले.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तिची खुर्ची काढून घेतली. "भांडी धुवायला कोणी नाहीये. काही दिवस तू बघ. प्रबंधाचं नंतर पाहू." नणंदेच्या आकड्यांवरून कंपनीला अहवाल गेला: कण निर्धोक.

सून मोरीच्या कट्ट्याशी उभी राहिली. काचसामान धुणे हे बुद्धीचे काम नाही, हा समज ज्यांनी ते धुतलेले नाही त्यांचा. नणंदेच्या नळ्या धुताना तिला प्रत्येकीच्या बुडाशी पांढरा साका सापडू लागला. खडूच्या भुकटीसारखा, ब्रशने खरवडल्याशिवाय न निघणारा. तिच्या स्वतःच्या नळ्यांत असा साका कधी राहिला नव्हता. दोघी कण मोजून घेत, तेही सारखेच. मग एकीचे कण नळीतच का उरावेत?

तिने ब्रश खाली ठेवला आणि नणंदेकडे पाहत राहिली. नणंदेने नळी जोरात हलवली. आतला द्रव दुधासारखा गढूळ झाला. मग तिने नळी स्टँडमध्ये ठेवली, फोन कानाला लावला आणि मैत्रिणीच्या नव्या सोफ्याची चौकशी केली. चौकशी सविस्तर होती. ती संपेपर्यंत नळीतला वरचा द्रव निवळला होता. त्या निवळीत पिपेटचे टोक अलगद बुडवून, तळाला धक्का न लावता, तिने पेशींवर थेंब सोडले.

जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाली तेव्हा सुनेने एकच नळी भरली. हलवून लगेच काही थेंब एका प्लेटमध्ये सोडले. नळी तशीच उभी ठेवली. वरचा द्रव निवळल्यावर तेवढेच थेंब दुसऱ्या प्लेटमध्ये. हात दोन्ही वेळा तिचाच होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही प्लेट घेऊन ती सासऱ्यांच्या खोलीत गेली. त्यांनी पहिली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली: मेलेल्या. दुसरी: जिवंत. चष्मा काढून त्यांनी तो सावकाश पुसला.

"सापडलं?" ते म्हणाले. "फार दिवस लावलेस."

तिला आधी कळलेच नाही. मग कळले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"नळी जरा विसावू दे, हे तिला मीच सांगितलं. एकदाच सांगावं लागलं. तिने का म्हणून विचारलं नाही."

"आणि मला?"

"तू विचारलं असतंस." त्यांचा आवाज शांत होता, परीक्षेत तोंडी प्रश्न विचारणाऱ्यासारखा. "तुला कारण लागतं. संशोधनात तो गुण असेल, घरात खोड आहे. उद्यापासून खुर्चीवर बस. आकडे तिच्यासारखे आले की प्रबंधावर सही करतो. नाहीतर मोरी आहेच."

"सर, लहान मुलं हा फवारा श्वासात घेणार आहेत."

"आपली नाहीत," ते म्हणाले. "आपल्याकडे कुठे आहेत?"

दुसऱ्या दिवशी सून खुर्चीवर बसली. तिने नळी हलवली, स्टँडमध्ये ठेवली आणि हात मांडीवर घेऊन वाट पाहिली. त्यानंतरच्या सकाळी तिच्या प्लेटमधल्या पेशी फरशीसारख्या चिकटून होत्या.

नणंदेने सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि तिच्या पाठीवर थाप मारली. "बघ वहिनी, आला की नाही हाताला गुण!"

हाताचा संबंध नव्हता. झिंक ऑक्साइडचे कण द्रवात एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या तळाशी बसतात. नळी हलवून लगेच थेंब उचलला, तर कण पेशींपर्यंत पोहोचतात. पेशी ते गिळते, तिच्या पोटातल्या आम्लात ते विरघळतात आणि सुटलेले जस्त तिला आतून मारते. नळी उभी ठेवून वरची निवळ उचलली, तर पेशींना मिळते ते बहुतांशी त्यांचे रोजचे अन्न. नणंदेच्या पेशी जगत होत्या, कारण त्यांना कण दिलेच जात नव्हते.