झऱ्यात सोडलेली काळी पाल

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. हल्लीच्या प्लास्टिकच्या डब्यांसारखी साधी नव्हे. माझ्या पोटात आणखी एक बादली बसते आणि तिला चाळणीसारखी भोके आहेत. ती उचलली की पाणी खाली गळते आणि आतले जीव वर राहतात. मासे धरणारे लोक आमिष जिवंत ठेवायला असली बादली वापरतात. पूर्वी ही ओळख मी मोठ्या ऐटीत सांगत असे. आता मात्र सांगताना मान खाली जाते, मित्रांनो. बादलीला मान नसते म्हणाल, तर कडी म्हणा.

एका कारखान्यात माझा पत्रा कापला, वळवला, सांध्यांना डाख लावला आणि वरून हिरवा रंग दिला. पोटावर पांढरा मासा काढला. रंगारी घाईत असावा, कारण तो मासा बटाट्यासारखा दिसतो. उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरातल्या एका दुकानात मी टांगलेली असताना आर्विल मेसर नावाच्या तरुणाने मला टिचक्या मारून पाहिले, पाणी भरून पाहिले आणि घरी नेले. त्याची बायको ओसी मला बघून म्हणाली, "आणखी एक बादली? आता मला कुठे ठेवणार?"

आर्विल झऱ्याच्या पाली विकायचा. शिकलेले लोक तिला सॅलॅमँडर म्हणतात आणि ती पाल नव्हेच असेही सांगतात. त्यांचे खरे आहे. तिला खवले नसतात, अंग ओले आणि बुळबुळीत असते, आणि श्वासही ती कातडीतूनच घेते. पण आमच्या घळीत ती झऱ्याची पालच. मोठे मासे तिच्यावर तुटून पडतात. आर्विल ओढ्यातला दगड उचले, ओल्या हाताने झडप घाली आणि पाल माझ्या स्वाधीन करी. रस्त्याकडेच्या त्याच्या टपरीवर गिऱ्हाइके थांबत. "काय रे आर्विल, तुझ्या पाली माझ्या सासूपेक्षा तरतरीत आहेत," असे कोणी म्हटले, की तो मला थोपटून सांगे, "माझं काही नाही. सगळी या बादलीची करामत." ते ऐकून मी फुगून जात असे. माझ्यातून त्या पाली कुठे जातात, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

घरच्या झऱ्यातल्या पालीला मात्र आर्विल हात लावत नसे. पिण्याच्या झऱ्यात पाल राहते तोवर पाणी चांगले, ती निघून गेली की पाणी बिघडले, असे तिथे सगळेच मानतात. मेसरांच्या झऱ्याला दगडांची चौकट होती. तिच्या फटीत एक लाल पाल राहायची. ओसी आधी वाकून पाल बघे आणि मगच पाणी भरे. पाल आपल्या मर्जीने आलेली हवी, आणून ठेवलेली चालत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

पुढे दुकानांत रबरी आमिषे आली आणि टपरी बसली. ओसी वारली. आर्विलचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा मुलगी नेल्डा त्याला खाली गावात आपल्या घरी घेऊन आली. मी माळ्यावर गेले. काही दिवस माझ्यात कपड्यांचे चिमटे होते, मग तेही कोणी काढून नेले. एका कुंभारीण माशीने माझ्यात मातीचे घर बांधले. तेवढीच सोबत झाली.

आर्विलला गावात करमत नव्हते. वरचे घर पडले होते, पण जागा अजून त्याची होती, आणि तिथेच जाऊन राहायचे हा त्याचा ध्यास होता. जेवायला बसला की तेच दळण सुरू. शेवटी नेल्डाने हातातला चमचा खाली ठेवला.

"बरं, डॅडी. झाडांचे रंग बदलले की शेल्बीला घेऊन एक दिवस वर जाऊ. झऱ्यात पाल दिसली, तर वसंतात तिथे चाकांवरचं घर नेऊन उभं करू. आपण तिघं राहू. नाही दिसली, तर जागा विकायची आणि हा विषय बंद. कबूल?"

"कबूल. माझी बादली कुठंय?"

"नुसती बघायचीय ना पाल? बादली कशाला?"

"पालींच्या वाटेला मी रिकाम्या हातानं कधी गेलोय का?"

अशी मी माळ्यावरून उतरले. आर्विलने मला स्वतः घासले. त्याच्या हातांचा तो स्पर्श मला किती दिवसांनी झाला! मला वाटले, माझे दिवस पालटले.

ऑक्टोबरमधली ती सकाळ होती. पायवाटेवर लाल-पिवळ्या पानांचा खच पडला होता. शेल्बी, म्हणजे नेल्डाची मुलगी, दिसेल त्या दगडाकडे धावत होती. आर्विल तिला शिकवत होता. "दगड आपल्या बाजूनं उचल, म्हणजे तिला पळायला पुढची वाट राहते. आणि बघून झालं की होता तसाच ठेव. ते छप्पर आहे तिचं." एका ओंडक्याखाली तिला करंगळीएवढी पाल दिसली. "पपॉ, हिच्या पुढच्या पायांना चारच बोटं!" ती किंचाळली. आजोबांना ती पपॉ म्हणे. "मग? तिला काय पियानो वाजवायचाय?" आर्विल म्हणाला, आणि नेल्डासुद्धा हसली. त्या दिवसात तेवढेच हसू होते, म्हणून सांगितले.

जुन्या घराचे नुसते धुराडे उभे होते. नेल्डा आणि शेल्बी तिथे शिदोरी सोडायला बसल्या. आर्विल मला घेऊन एकटाच झऱ्याकडे गेला. त्याने पाने बाजूला सारली, चौकटीच्या प्रत्येक फटीत बोटे घालून पाहिली. पाल नव्हती. त्याने मला पाण्यात बुडवले, आणि त्याच क्षणी मला कळून चुकले. पाण्याला साबणाची बुळबुळ होती. आर्विलने ओंजळ नाकाशी नेली. मग वर पाहिले. डोंगराच्या धारेवर सुट्टीला येणाऱ्या लोकांची नवी घरे झाली होती आणि त्यांची छपरे चमकत होती. त्यांचे सांडपाणी झऱ्यात उतरत होते.

तो तिथेच दगडावर बसला.

"डॅडी, सापडली का?" नेल्डाने लांबून हाक मारली.

"शोधतोय!" तो म्हणाला.

आणि मला उचलून डोंगराच्या पलीकडच्या कुशीतून वाहणाऱ्या ओढ्याकडे निघाला. म्हातारा गुडघाभर गार पाण्यात उतरला, एक दगड उचलला आणि पहिल्याच झडपेत एक जाडजूड काळी पाल माझ्यात टाकली. मित्रांनो, मला तेव्हा आनंद झाला! कितीतरी वर्षांनी माझ्यात एक जीव वळवळत होता. ती पाल कशासाठी धरली आहे, हे समजत असूनही मला आनंद झाला. याची लाज मला आजही वाटते.

आर्विलने पाल झऱ्यात सोडली आणि मला झुडपाआड ठेवले. मग त्याने हाक मारली. त्याचा आवाज जरा जास्तच मोठा होता.

दोघी धावत आल्या. "आहे! खरंच आहे!" शेल्बी उड्या मारू लागली. नेल्डा वाकली. तिने पालीकडे पाहिले, मग बापाच्या भिजलेल्या विजारीकडे पाहिले. "हो," ती म्हणाली, "पाल आहे खरी."

"म्हणजे आपण इथं राहायचं!" शेल्बीने पिशवीतून कप काढला. "आजी आधी पाल बघायची आणि मग पाणी प्यायची ना? मी पण तसंच करणार."

तिने कप भरला. नेल्डाने एक हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. आर्विल हसायचा प्रयत्न करत होता. कप वर गेला. मी झुडपाआडून बघत होते. एखादा दगड येऊन माझ्यावर आपटला असता, तर निदान आवाज तरी झाला असता! मला दुसरे काय करता येणार होते?

"थांब!" आर्विलने कपावर फटका मारला. तोल जाऊन तो चिखलात गुडघ्यांवर पडला. "पिऊ नकोस, पोरी. पाणी घाण झालंय. पाल मी आणली. पलीकडच्या ओढ्यातून आणली."

शेल्बी त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तू खोटं बोललास?"

"हो."

"मला पण?"

आर्विलने मान खाली घातली. पोरीच्या डोळ्याला डोळा द्यायची त्याची हिंमत होईना.

नेल्डा हळू आवाजात म्हणाली, "मला बघताक्षणीच कळलं होतं. लहानपणी टपरीवर पाली निवडायला मीच बसायचे ना, डॅडी? काळी पाल वाहत्या पाण्यातली. झऱ्यात ती कधीच राहत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का, ते बघत होते."

"पोरीच्या ओठांशी कप जाईपर्यंत?"

"माझा हात होता तिच्या खांद्यावर. मी ओढलंच असतं तिला..." बोलता बोलता नेल्डा थांबली. तिने शेल्बीला घट्ट पोटाशी धरले. "नाही, चुकलंच माझं. तुमची परीक्षा घ्यायला मी माझी लेक पुढे केली."

बाप चिखलात, मुलगी उभी, आणि दोघांनाही एकमेकांकडे बघवत नव्हते.

शेवटी शेल्बीच म्हणाली, "तिला घरी न्यायला हवं." आर्विलने झुडपाआडून मला काढले. पाल फटीत दडली होती, तिला बाहेर काढायला बराच वेळ लागला. माझी कडी एका बाजूने आर्विलने धरली आणि दुसऱ्या बाजूने नेल्डाने. ओढ्यावर आर्विलने आधी दगड होता तसा बसवला आणि मग त्याच्या कडेला पाल सोडली. ती आपल्या छपराखाली शिरली.

"पपॉ, आपण आता इथं राहायचं नाही?" शेल्बीने विचारले.

"नाही, बाळा. मला ते झऱ्यापाशीच कळलं होतं. तुझ्या आईला सांगायला तोंड नव्हतं." मग तो नेल्डाकडे वळला. "जागा विकून टाक. मी पुन्हा विषय काढणार नाही."

नेल्डाने विकूया म्हटले नाही, राहूया म्हटले नाही. तिने खाली बसून बापाच्या बुटांतले पाणी काढले आणि त्याचे मोजे पिळले.

मी पुन्हा माळ्यावर आहे. आर्विल इकडे येत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. मित्रांनो, तुम्हीही कधी शरदात ओढ्याकाठी पाली शोधायला जाल. दगड हळूच उचला, बघा आणि होता तसाच ठेवा. पाल सापडली नाही, तर घरी येऊन सापडली नाही म्हणून सांगा. तुमच्या हातात एखादी बादली असेल. तिच्यात काय घालता, याचा नीट विचार करा. तुम्ही घालाल ते आम्ही वाहून नेतो, मग ते पाणी असो, पाल असो की खोटेपणा. आम्हाला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते.