मघाची, की ही?

गंधारने वडिलांचा पिंड दर्भावर ठेवला, हात जोडले आणि तो मागे सरकला. त्याच्यासोबत घाटावरचे सगळेच मागे सरकले. समोरच्या लिंबावर कावळ्यांची ही गर्दी! पण एकही खाली उतरेना.

"बाबा, आईला मी एकटं ठेवणार नाही. पुण्याला नेईन," गंधार मोठ्याने म्हणाला.

एका कावळ्याने मान वाकडी करून पाहिलं, बस्स.

मग धाकटी रुचा पुढे झाली. अर्धवट सोडलेली पीएच.डी. पुरी करते म्हणाली. शेजारच्या आबासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

"सर, बांधावरचा आंबा मी तोडनार न्हाई. शब्द देतो."

त्या आंब्यावरून दोघांची कितीदा जुंपली होती, हे सगळ्या देवळालीला ठाऊक होतं. तरी कावळा जागचा हलला नाही. ऊन चढलं, प्रवरेच्या पाण्याकडे बघवेना. शेवटी गुरुजींनी दर्भ हातात घेतला.

"दर्भाचाच कावळा करू आणि पिंडाला शिववू. शास्त्रात तशी सोय आहे."

"नको," वरच्या पायरीवरून शोभाताई म्हणाल्या.

नवऱ्याचा जीव कशात अडकला असेल ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण सांगायचं कसं? लोक म्हणतील, बाईचं डोकं फिरलं.

विष्णुपंत हायस्कुलात गणित शिकवायचे. अख्ख्या गावात चेलो म्हणजे काय हे कुणाला माहीत नव्हतं, आणि या माणसाला त्याचंच वेड. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणावा असं ते वाद्य, खुर्चीत बसून गुडघ्यांत धरून वाजवायचं. चेलो आणि सगळा ऑर्केस्ट्रा मिळून वाजवतात अशी शंभरेक वर्षांपूर्वीची एक रचना होती. तिचा मधला संथ भाग ते दर रविवारी संध्याकाळी लावायचे. आधी एका वादकाची रेकॉर्ड, मग दुसऱ्याची. ती संपली की स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचे, "मघाची, की ही?"

"दोन्ही सारख्याच," मेथी निवडता निवडता शोभाताई सांगायच्या.

बरं, त्यांच्यावरच भागायचं असंही नाही. त्या दोन्ही रेकॉर्डी विष्णुपंतांनी गंधारच्या मोबाइलवर पाठवल्या, तर त्याने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. आबासाहेबांना घरी बोलावून ऐकवल्या. ते म्हणाले, "सर, खरं सांगू का? दोन्हीत म्हस हंबरल्यावानी वाटतंय."

आणि गेल्या खेपेला, त्या शेवटच्या रविवारी, शोभाताई चिडल्या.

"अहो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कशाला सारखं डोकं खाता?"

विष्णुपंत हसले. "असू दे, असू दे," म्हणाले आणि मशीन बंद करून झोपायला गेले. सकाळी त्यांचा चहा कपातच गार झाला.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला शोभाताईंच्या पाठीमागे कुणीतरी विचारायचं. मघाची, की ही? पहिल्या दिवशी त्यांनी वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी न वळताच, सवयीने, "दोन्ही सारख्याच हो," म्हणून गेल्या. आपलाच आवाज ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला.

आता त्या पायऱ्या उतरून गंधारजवळ आल्या.

"बाबांनी पाठवलेल्या त्या दोन रेकॉर्डी आहेत तुझ्याकडे?"

"आहेत." गंधारने मान खाली घातली. "ऐकल्या नाहीत गं कधी."

"मी तरी कुठे ऐकल्या? लाव."

सकाळच्या प्रवचनासाठी आणलेला स्पीकर अजून घाटावरच होता. गंधारने त्याला मोबाइल जोडला. गुरुजी चपापले.

"ताई, अहो, इथे गाणं?"

"वाजू द्या गुरुजी," आबासाहेब म्हणाले. "सरांचा जीव हुता त्यात. आमाला लई ऐकवलंय, कावळ्यालाबी ऐकू द्या की."

पहिली रेकॉर्ड सुरू झाली. शोभाताई पायरीवर बसल्या, डोळे मिटले. मांडीवर मेथी नाही, हाताला काम नाही, अशा त्या पहिल्यांदाच ते ऐकत होत्या. चेलो भरदार होता, वाट पाठ असलेल्या माणसासारखा न अडखळता चालला होता. चांगलं वाजवतोय, त्यांच्या मनात आलं. हीच म्हणून टाकावी.

मग दुसरी लागली. जुनी, खरखरणारी. वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. एके ठिकाणी मागे बासरी काही सांगू लागली आणि चेलो थांबला. बासरीचं सांगून पुरं होईपर्यंत थांबला, आणि मगच, अगदी हळू, पुढे बोलू लागला.

ते थांबणं शोभाताईंच्या ओळखीचं होतं. विचारून झालं की विष्णुपंत असेच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे, हातात रिमोट घेऊन, आपलं म्हणणं मनात ठेवून. इतक्या वर्षांत आपण प्रश्न तेवढा ऐकला, ते उभं राहणं कधी बघितलंच नाही. त्यांना रडू आवरेना.

रेकॉर्ड संपली तशी त्या उठल्या आणि डोळे पुसत झाडाकडे वळल्या.

"दुसरी! अहो, दुसरी!"

लिंबावर एकही कावळा नव्हता. दर्भावरचा पिंड फुटलेला होता, गुरुजी सामान आवरत होते.

"वहिनी, कावळा कवाच शिवून गेला," आबासाहेब हळू आवाजात म्हणाले. "पहिली वाजाया लागली, तुमी डोळे मिटले, अन् लगीच खाली आला."

शोभाताईंनी फुटलेल्या पिंडाकडे पाहिलं.

"म्हंजे सरांच्या मतानं पहिलीच चांगली, आसं धरायचं का मग?"

त्यांनी पदराने चेहरा कोरडा केला. रिकाम्या झाडाकडे बघितलं. आमटीत मीठ कमी पडलंय की नाही यावरून नवऱ्याशी वाद घालताना जसा लागायचा, तसा त्यांचा आवाज लागला.

"छे! काहीतरीच काय? दुसरीच. इतकी वर्षं ऐकून तुम्हाला एवढंही कळू नये?"

लोक चपला शोधायला लागले. गंधारने स्पीकरची वायर गुंडाळली, रुचाने आईची पिशवी उचलली. शोभाताई मात्र झाडाकडे तोंड करून उभ्याच राहिल्या, उत्तराची वाट बघत.